मॉरिशसचे रामगुलाम चाचा आणि चागोसचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की पुढच्या महिन्यात सहकुटुंब मॉरिशसला चाललोय, तिकडे विमानतळाला शिवसागर रामगुलाम यांचं नाव, मोठ्या बागेला त्यांचं नाव, नाण्यांवर आणि २००० च्या नोटेवर त्यांचा चेहरा, तर हे नक्की कोण, आणि यांनीच चागोसची बेटं इंग्रजांना विकली असं म्हणतात ते खरं का. मी २६ वर्षं कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं, त्यातली बरीच वर्षं एमएच्या मुलांना हिंदी महासागरातली छोटी राष्ट्रं हा पेपर शिकवायचो, मॉरिशसला तीनदा जाऊन राहून आलोय. हा माणूस माझ्या अगदी जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे उत्तर लांबणार, वेळ काढून वाचा.

आधी देश केवढा ते डोळ्यासमोर आणा. सगळा मिळून साधारण २,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एका पुणे जिल्ह्यात सातेक मॉरिशस मावतील. माणसं मूळची तिथली कोणीच नाहीत. फ्रेंच आले, त्यांनी आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणले, १८१० ला इंग्रजांनी बेट घेतलं पण जमीन आणि साखर कारखाने फ्रेंच घराण्यांकडेच राहिले, आणि गुलामगिरी बंद झाल्यावर ऊस कोण तोडणार म्हणून १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला सुरुवात झाली. एग्रीमेंटचं गिरमिट झालं आणि हे लोक गिरमिटिया. साडेचार लाखांच्या आसपास माणसं अशी गेली. बहुतेक बिहार आणि पूर्व यूपीची, मग तमीळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून गेलेली आपली कोकणातली, रत्नागिरीकडची मंडळी. तिथे आज मराठी समाज आहे, गणेश चतुर्थीची देशभर सुट्टी असते, शाळेत मराठी शिकवतात, हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्यांना हा मान कुठल्या राजकारणातून मिळाला ते रामगुलामांच्या गोष्टीतून कळतं.

जन्म १८ सप्टेंबर १९००, फ्लाक जिल्ह्यातलं बेल रिव्ह नावाचं उसाच्या मळ्यातलं खेडं. वडील मोहित रामगुलाम १८९६ साली बिहारमधून गिरमिटावर आलेले, पुढे मळ्यावर सरदार झाले. सरदार म्हणजे आपल्याकडचा मुकादम समजा. आई बासमती, विधवा होती, तिला आधीची दोन मुलं होती. घरात शिवसागरला केवल म्हणायचे. मुलगा सात वर्षांचा असताना वडील गेले. बाराव्या वर्षी गोठ्यात अपघात झाला आणि डावा डोळा कायमचा गेला. पुढची ७० वर्षं हा माणूस एका डोळ्याने वाचत, लिहीत, रोगी तपासत आणि देश चालवत राहिला. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा बराच वेळ पुढे काही वाचवेना.

गावात बैठका असायची. बैठका ही मॉरिशसची खास गोष्ट, संध्याकाळी मजुरांची मुलं एका खोपटात जमणार, गुरुजी हिंदी अक्षरं शिकवणार, रामायण म्हणून घेणार. तिथे हा मुलगा जायचा, आणि आईला न सांगता शेजारच्या मिशनच्या शाळेतही जाऊन बसायचा, तिथे इंग्रजी आणि फ्रेंच. मग बेल एअरची सरकारी शाळा, मग क्युरपीपला नातेवाइकांकडे राहून स्कॉलरशिपची तयारी, मग तिथलंच रॉयल कॉलेज. त्या काळात गिरमिटियाच्या पोराने रॉयल कॉलेजात बसणं हे तिथल्या साहेब लोकांना रुचणारं नव्हतं, पण परीक्षेने दार उघडलं होतं.

१९२१ ला लंडनला डॉक्टरी शिकायला गेले, युनिव्हर्सिटी कॉलेज. आणि परत कधी आले, तर १९३५ ला! एवढी वर्षं का लागली हा प्रश्न मुलं नेहमी विचारायची. कारण अभ्यासाइतकंच दुसरं काम चाललेलं. लंडनमधल्या हिंदी स्वातंत्र्य चळवळीच्या वर्तुळात ऊठबस, फेबियन समाजवाद्यांची व्याख्यानं, गोलमेज परिषदेला गांधीजी आले तेव्हा त्यांची भेट. हे फेबियन वळण पक्कं लक्षात ठेवा. फेबियन म्हणजे समाज बदलायचा पण एकदम उलथून नाही, कायद्याने, सभागृहातून, एकेक पायरीने. रामगुलाम आयुष्यभर तसेच वागले, त्यांचं जे काही चांगलं झालं ते त्यातून झालं आणि जे वाईट झालं तेही त्यातूनच झालं, असं माझं इतक्या वर्षांनंतरचं मत आहे.

परत आल्यावर राजधानी पोर्ट लुईला देफोर्ज स्ट्रीटवर राहू लागले आणि प्रॅक्टिस सुरू केली. वस्ती प्लेन व्हेर्तची, मुस्लिम बहुल. बेटावर तेव्हा मलेरिया घरोघरी होता. खेड्यातून येणाऱ्या पेशंटशी हा डॉक्टर भोजपुरीत बोलायचा. मतदारसंघ बांधायला निघालेला पुढारी एवढी माणसं भेटू शकत नाही तेवढी डॉक्टरला आपोआप भेटतात, त्यांच्या घरात कोण आजारी, कोणाचं कर्ज, कोणत्या मळ्यावर मजुरी कापली जाते, सगळं कानावर येतं.

आणि त्याच वेळी देश पेटायला लागला होता. फेब्रुवारी १९३६ ला डॉ. मॉरिस क्युरे यांनी लेबर पार्टी काढली, हे क्युरे क्रेओल समाजातले, म्हणजे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वंशातल्या मिश्र समाजातले, तेही डॉक्टर. १९३७ ला युनियन फ्लाक मळ्यावर गोळीबार, मजूर मेले. १९४३ च्या सप्टेंबरात बेल व्ह्यू हारेलला पुन्हा गोळीबार, त्यात अंजलाय कुपेन नावाची गरोदर मजूर बाई मारली गेली, आज तिच्या नावाचं स्टेडियम आहे तिकडे. आता रामगुलाम या सगळ्यात कुठे होते? रस्त्यावर नव्हते. १९४० साली गव्हर्नरने त्यांना कौन्सिलवर, म्हणजे तिथल्या कायदेमंडळावर, नेमलं होतं, त्याच वर्षी 'अ‍ॅडव्हान्स' नावाचं वर्तमानपत्र सुरू करण्यात त्यांचा हात होता, आणि ते कौन्सिलमध्ये बसून मजुरांच्या बाजूने बोलत होते. रस्त्यावर आणि गावोगाव जे काम चाललं होतं ते बिसुनदयाळ बंधूंचं, पंडित बासदेव आणि सुखदेव. गावागावात हिंदी शिकवा, लोकांना सही करायला, चार ओळी लिहायला शिकवा, हे काम त्यांनी आणि त्यांच्या शेकडो तरुणांनी केलं.

हे साक्षरतेचं प्रकरण मी मुद्दाम सांगतोय कारण मॉरिशसचं राजकारण इथेच फिरलं. १९४८ च्या आधी मत द्यायला इस्टेट किंवा मोठा पगार पाहिजे होता, सगळ्या बेटावर मतदार १२ हजारांच्या आसपास. १९४८ च्या घटनेने नियम केला की रोजच्या वापरातल्या भाषांपैकी एखाद्या भाषेत साधं लिहितावाचता आलं तर मत, आणि मतदार एकदम ७० हजारांच्या वर गेले. ज्या बैठकांना साहेब लोक खोपटातली शाळा म्हणून हसायचे त्या बैठकांनी मतदार तयार केले होते. रामगुलाम त्या घटनेच्या वाटाघाटींत होते, ही तरतूद मिळवायला जी माणसं भांडली त्यातले एक. निवडणुकीत निवडून आलेल्या १९ जागांवर बहुसंख्य भारतीय वंशाचे लोक आले, तर गव्हर्नरने काय केलं, १२ नेमलेले सदस्य असतात ते बहुतेक मळेवाल्यांच्या बाजूचे भरले, म्हणजे जिंकूनही हरलेलं. दुसरा कोणी असता तर बहिष्कार टाकून बाहेर पडला असता. हे आत बसून राहिले आणि पुढची घटना, त्याच्या पुढची घटना, असं घासत राहिले. १९५६ ला लेबरचे लोकप्रिय नेते गी रोझमों गेले, त्यानंतर पक्षाची सूत्रं रामगुलामांकडे आली. १९५९ ला सर्वांना मताधिकार, १९६१ ला ते मुख्यमंत्री, १९६४ ला प्रीमियर, १९६५ ला सर. लोक मात्र त्यांना चाचा म्हणायचे, अजूनही म्हातारी माणसं चाचा रामगुलामच म्हणतात.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण आपण १९६५ ला पोचलो.

सप्टेंबर १९६५, लंडनमध्ये लँकेस्टर हाऊसला मॉरिशसची घटना परिषद भरली. रामगुलामांना स्वातंत्र्य हवं होतं. गाएतां द्युवाल यांच्या पीएमएसडी पक्षाला, म्हणजे मळेवाले, क्रेओल, आणि हिंदू बहुमताला घाबरलेले बरेच लोक, यांना स्वातंत्र्य नको होतं, ब्रिटनशी जोडलेलं राहायचं होतं. आणि ब्रिटनला हवी होती चागोसची बेटं, मॉरिशसपासून २,००० किलोमीटरच्या आसपास लांब पण कारभार मॉरिशसमधून चालायचा, कारण अमेरिकेला दिएगो गार्सिया बेटावर लष्करी तळ करायचा होता. मॉरिशसच्या मंत्र्यांचं म्हणणं होतं तोडून नका घेऊ, भाड्याने घ्या, ९९ वर्षांचा करार करा, आणि अमेरिकेकडून आमच्या साखरेला कोटा मिळवून द्या. ब्रिटनला भाडं नको होतं.

२३ सप्टेंबरला सकाळी पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी रामगुलामांना एकट्याला भेटीला बोलावलं. त्याच्या आदल्या दिवशी विल्सनच्या सचिवाने त्यांना लिहून दिलेली चिठ्ठी पुढे उघड झाली, तिच्यात लिहिलंय की हेतू या माणसाला आशा दाखवून घाबरवण्याचा आहे, स्वातंत्र्य मिळेल ही आशा आणि चागोसबाबत शहाणपणाने वागला नाही तर ते मिळणार नाही ही भीती. मी हा कागद दरवर्षी वर्गात वाचून दाखवायचो. वसाहत सोडून जाणारं साम्राज्य आतून कसं बोलतं हे यापेक्षा स्पष्ट कुठे सापडणार नाही. भेटीत विल्सननी रामगुलामांना सांगितलं की तुम्ही स्वातंत्र्य घेऊन परत जाऊ शकता किंवा त्याशिवाय परत जाऊ शकता. दुपारी पुन्हा बैठक झाली, तत्त्वतः होकार गेला, आणि दुसऱ्या दिवशी परिषद संपताना स्वातंत्र्याची वाट मोकळी झाली. ८ नोव्हेंबर १९६५ ला बेटं कागदोपत्री तोडली गेली. मॉरिशसला भरपाई ३० लाख पौंड. ब्रिटनला मात्र अमेरिकेने पोलारिस क्षेपणास्त्रांच्या संशोधन खर्चात १ कोटी ४० लाख डॉलरची सूट दिली, ती गुपचूप.

तर विकली का? माझं उत्तर असं, की विकणाऱ्याला न विकण्याचा पर्याय असावा लागतो. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २५ फेब्रुवारी २०१९ ला दिलेल्या सल्लागारी मतात हेच म्हटलंय, की जी वसाहत ब्रिटनच्याच अधिकाराखाली होती तिचा होकार हा खरा करार म्हणता येत नाही, तोडणं बेकायदा होतं. आज जे द्युवालपंथी लोक रामगुलामांना दोष देतात त्यांच्या पक्षाने त्या वेळी मंत्रिमंडळ सोडलं हे खरं, पण तक्रार मिळालेल्या मोबदल्याबद्दल होती, बेटं द्यायचीच नाहीत असं तेव्हा त्यांनीही म्हटलं नव्हतं.

पण इथे थांबून रामगुलामांना निर्दोष सोडणं मला जमत नाही. चागोसवर माणसं होती. नारळाच्या मळ्यांवर पिढ्यानपिढ्या राहणारी, क्रेओल बोलणारी, दीड ते दोन हजार माणसं. १९६७ ते १९७३ मध्ये त्यांना हळूहळू हलवलं, औषधपाण्याला मॉरिशसला आलेल्यांना परतीची बोट नाकारली, शेवटी उरलेल्यांना बोटीत भरून आणलं आणि पोर्ट लुईच्या बंदरावर सोडलं. लंडनच्या वाटाघाटींच्या त्या टेबलावर त्यांच्यातला एकही माणूस नव्हता. रामगुलाम ज्या मजुरांच्या पोटी जन्मले ते मजूर जसे बोटीतून उतरून उघड्यावर उभे राहिले होते तसेच हे. आणि मॉरिशस सरकारने काय केलं? ब्रिटनकडून त्यांच्या पुनर्वसनासाठी साडेसहा लाख पौंड आले होते, ते वाटायला काही वर्षं लागली, १९७७-७८ पर्यंत पैसा पडून राहिला, तोवर ही माणसं झोपडपट्टीत, काम नाही, कित्येक जण खचून मेली. विल्सनने हात पिरगळला हे मान्य, पण ही दिरंगाई विल्सनची नाही, ती पोर्ट लुईच्या सरकारची होती आणि त्या सरकारचे प्रमुख रामगुलाम होते. १९८० साली त्यांनी संयुक्त राष्ट्रांत बेटं परत मागितली, उशिरा का होईना मागितली, म्हणून पुढच्या सगळ्यांना तो धागा धरता आला. २०२५ च्या मे महिन्यात ब्रिटन आणि मॉरिशसने सार्वभौमत्वाच्या करारावर सह्या केल्या तेव्हा मॉरिशसचे पंतप्रधान त्यांचेच चिरंजीव नवीन रामगुलाम होते.

बरं, मग त्यांना राष्ट्रपिता कशासाठी म्हणतात. तर १९६७ आणि १९६८ ही दोन वर्षं बघा.

ऑगस्ट १९६७ ची निवडणूक म्हणजे स्वातंत्र्यावरचा कौलच होता. रामगुलामांनी सुखदेव बिसुनदयाळांचा पक्ष आणि अब्दुल रझाक मोहम्मद यांचा मुस्लिम पक्ष यांना बरोबर घेतलं. हे लिहायला सोपं आहे पण बिसुनदयाळ आणि रामगुलाम यांचं वर्षानुवर्षं पटत नव्हतं, आणि मुस्लिमांना वाटत होतं की हिंदू बहुमतात आपण बुडणार. यातून मार्ग निघाला तो बेस्ट लूझर पद्धतीचा. म्हणजे ६२ जागा निवडून, आणि आणखी ८ जागा हरलेल्यांपैकी अशा उमेदवारांना की ज्यांच्या समाजाला कमी प्रतिनिधित्व मिळालंय. या पद्धतीने माणसाला कायम जातीधर्माच्या खान्यात बसवलं अशी टीका आज तिथले तरुण करतात आणि ती योग्य आहे. पण १९६७ ला ती नसती तर मोहम्मद युतीत आले नसते, आणि ते नसते तर बहुमत डळमळीत होतं. युतीला ३९ जागा, पीएमएसडीला २३. पण मतं बघितली तर ४० टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वातंत्र्याच्या विरुद्ध मत दिलं होतं. स्वातंत्र्य नको म्हणणारे ४० टक्के घेऊन जगात किती देश जन्माला आले असतील?

जानेवारी १९६८ ला पोर्ट लुईमध्ये क्रेओल आणि मुस्लिम वस्त्यांत दंगल पेटली, २५ च्या आसपास माणसं मेली, सिंगापूरहून ब्रिटिश सैन्य आणावं लागलं. लोक बोटी आणि विमानं भरून ऑस्ट्रेलियाला निघून गेले. स्वातंत्र्याच्या सोहळ्याला राजकन्या अलेक्झांड्रा येणार होत्या, तो दौरा रद्द झाला. अशा वातावरणात १२ मार्च १९६८ ला दुपारी शाँ द मार्सच्या मैदानावर युनियन जॅक उतरला. १२ मार्च का, तर १९३० ला त्याच दिवशी गांधीजी दांडीला निघाले होते.

त्यात भर म्हणजे जेम्स मीड नावाचे मोठे अर्थतज्ज्ञ, पुढे नोबेल मिळालेले, त्यांनी १९६१ ला अहवाल दिला होता की साखरेवर एवढा अवलंबून, लोकसंख्या अशी वाढणारी, समाजात अशी फूट, या बेटाचं काही खरं नाही. निर्यातीत साखर ९० टक्क्यांच्या वर होती, म्हणजे मीड काही उगाच म्हणत नव्हते.

रामगुलामांनी काय केलं, तर १९६९ ला द्युवाल यांना सरकारात घेतलं. ज्या माणसाने स्वातंत्र्याच्या सोहळ्यावर बहिष्कार टाकला त्याला परराष्ट्रमंत्री केलं. बिसुनदयाळ यामुळे बाहेर पडले, जुने कार्यकर्ते चिडले. पण क्रेओल माणसाला दिसलं की नव्या देशाचं तोंड म्हणून जगात आपला माणूस फिरतोय. मळेवाल्यांच्या जमिनी काढून घेतल्या नाहीत, उलट साखरेच्या निर्यातीवर कर लावला आणि त्या पैशातून फुकट दवाखाने, म्हातारपणाची पेन्शन, तांदूळ आणि पिठाला सबसिडी. मलेरिया हटला, कुटुंब नियोजन चर्चची नाराजी सांभाळून गावोगाव पोचवलं. १९७० ला निर्यात उद्योगांसाठी कायदा केला, कपड्यांचे कारखाने आले, खेड्यातल्या बायका पहिल्यांदा पगार घरी आणू लागल्या, त्याचं मोठं पीक पुढच्या सरकारच्या काळात आलं. १९७५ ला युरोपशी साखरेचा करार झाला, वर्षाला ५ लाख टनांच्या आसपास साखर ठरलेल्या दराने. आपल्याकडे उसाच्या दरावरून दर हंगामात काय होतं ते माहीत असणाऱ्याला या हमीचं मोल वेगळं सांगायला नको. सैन्य ठेवलंच नाही, पोलिसांतलीच एक तुकडी. आसपासच्या किती तरी नव्या देशांत सेनापतींनी सत्ता घेतली, इथे सेनापतीच नव्हता.

एक आठवण सांगतो. जानेवारी १९७५ ला नागपूरला पहिलं विश्व हिंदी संमेलन भरलं, उद्घाटनाला इंदिराजी, आणि प्रमुख पाहुणे मॉरिशसचे पंतप्रधान शिवसागर रामगुलाम. मी तेव्हा दहा वर्षांचा, वडील हात धरून घेऊन गेले होते. भाषण काय कळणार, एवढंच आठवतं की वडील म्हणाले हा बघ, याचा बाप मजूर म्हणून बोटीत बसून गेला होता. पुढे मी हाच विषय घेतला त्याची सुरुवात बहुतेक तिथे झाली.

आता याच काळातली दुसरी बाजू. द्युवालना घेतल्यावर दोघांनी मिळून १९७२ ला व्हायच्या निवडणुका १९७६ वर ढकलल्या. त्यामुळे विरोध सभागृहाबाहेर गेला. पॉल बेराँजे आणि त्यांच्या मित्रांनी १९६९ ला एमएमएम हा डाव्या विचारांचा पक्ष काढला होता, बंदरात आणि मळ्यांवर संप झाले, १९७१ अखेर आणीबाणी लागली, बेराँजे आणि इतर वर्षभराच्या आसपास विनाखटला तुरुंगात. सभांवर बंदी, पेपरांवर बंधनं. लंडनमध्ये नागरी हक्कांवर भाषणं ऐकत तयार झालेल्या माणसाने हे केलं. दंगलींची धास्ती होती, हे कारण मी ऐकलंय आणि मला ते पुरेसं वाटत नाही. मे १९७५ ला शाळेची पोरं रस्त्यावर उतरली तेव्हा पोलीस सोडले, पण मग त्यांचं म्हणणं ऐकलंसुद्धा, मताचं वय १८ केलं आणि माध्यमिक शिक्षण १९७७ पासून फुकट केलं. आजचा मॉरिशसचा जो शिकलेला मध्यमवर्ग दिसतो तो त्या एका निर्णयातून उभा राहिलाय, मला भेटलेल्या मराठी शिक्षकांपैकी बरेच जण म्हणायचे, ते झालं नसतं तर आम्ही मळ्यावरच असतो.

१९७६ ला निवडणूक झाली, एमएमएम सगळ्यात मोठा पक्ष, ३४ जागा, लेबरच्या आघाडीला २८, द्युवालना ८. पुन्हा द्युवालशी हातमिळवणी करून सरकार टिकवलं. कायदेशीर होतं, पण माणूस ७६ वर्षांचा, पक्षात गटबाजी, भ्रष्टाचाराच्या तक्रारी, साखरेचे भाव पडलेले, १९७९ आणि १९८१ ला रुपयाचं अवमूल्यन, बेकारी. तेव्हाच खुर्ची सोडली असती तर बरं झालं असतं, हे त्यांच्या चाहत्यांनाही मनातून मान्य असतं.

जून १९८२. एमएमएमच्या आघाडीला ६२ पैकी ६० जागा. लेबर साफ. खुद्द रामगुलाम आपल्या त्रिओलेच्या मतदारसंघात हरले, जिथले लोक त्यांना चाचा म्हणायचे तिथेच. आणि इथे मी वर्गात नेहमी थांबायचो. १४ वर्षं पंतप्रधान, त्याआधीपासून सरकारचे प्रमुख, पोलीस हाताशी, आणीबाणीचा अनुभव पाठीशी, आणि ते निकाल स्वीकारून घरी गेले. एमएमएमचे अनिरुद्ध जगन्नाथ पंतप्रधान झाले, बेराँजे, ज्यांना यांनी तुरुंगात टाकलं होतं, ते अर्थमंत्री झाले. एक काच फुटली नाही. १९६८ ला स्वतंत्र झालेल्या आफ्रिकन देशात १९८२ ला मतपेटीतून असं सत्तांतर होणं किती दुर्मिळ होतं हे त्या वर्षांचा आफ्रिकेचा नकाशा समोर ठेवून बघा. पुढे १९८३ ला एमएमएम फुटला, जगन्नाथांनी नवा पक्ष काढून लेबरशी युती केली, आणि ज्यांना हरवलं त्याच म्हाताऱ्याला त्यांनी गव्हर्नर जनरल केलं. १५ डिसेंबर १९८५ ला त्याच पदावर असताना ते गेले.

एका वाक्यात विचाराल तर हा तडजोडीचा माणूस होता. समोरच्याला मोडण्यापेक्षा त्याला आत ओढायचं, आज मिळतंय ते घ्यायचं, उरलेलं उद्या मागायचं. देशातल्या देशात या स्वभावाने रक्तपात टळला. चागोसच्या बाबतीत त्याच स्वभावाची किंमत ज्यांनी भरली त्यांना कोणी विचारलंसुद्धा नव्हतं.

आता तुमच्या ट्रिपबद्दल. हॉटेलवाले बीच आणि डॉल्फिन दाखवतील ते बघाच. पण पोर्ट लुईला एक दिवस काढा. आप्रवासी घाटावर जा, जिथे आपले लोक बोटीतून उतरले, त्या दगडी पायऱ्यांवर मुलांना उभं करा. तिथून प्लेन व्हेर्तला ८७ नंबरचं घर, आता त्या रस्त्यालाच त्यांचं नाव आहे, डॉक्टर रामगुलाम तिथे राहायचे, छोटं म्युझियम केलंय. पाम्प्लेमूसच्या बागेत मोठाली कमळपानं बघायला सगळे जातात, तिथेच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले ती जागा आहे, गाईड घाईत असतो म्हणून तुम्हीच विचारा. आणि जमलं तर पोर्ट लुईच्या पश्चिमेला पॉइंट ओ साब्लला जा, तिथे चागोसमधून आणलेली कुटुंबं राहतात. माझ्या तिसऱ्या खेपेला मी तिथल्या एका आजीबाईंशी दुभाष्यामार्फत तासभर बोललो, रामगुलामांचं नाव काढल्यावर त्या काही बोलल्या नाहीत, उठल्या आणि घरातून त्यांच्या बेटाचा फोटो आणून माझ्या हातात दिला.